शाल, श्रीफळ आणि सातेरी

"मधमाशीइतका सरळ प्राणी जगात नाही! एकदा तिचा स्वभाव कळला की संपलं. आणि मला तो पूर्ण कळलेला आहे!"

हे वाक्य प्रकाश तांबवेकरांनी वर्षभरात इतक्या जणांना ऐकवलं होतं, की क्षिप्राछाया अपार्टमेंटमध्ये ते जिन्यात दिसले की लोक लिफ्टने जायचे आणि लिफ्टमध्ये दिसले की जिन्याने. पण त्यांना तरी काय दोष द्यायचा? बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला काहीतरी उद्योग लागतोच. कुणी योगासनं करतो, कुणी सकाळी उठून गावभर सुविचार पाठवतो. प्रकाशरावांनी इंदूरजवळच्या एका शिबिरात जाऊन मधमाशीपालन शिकून घेतलं आणि गच्चीवर पेटी आणून ठेवली. त्यातल्या माश्या सातेरी जातीच्या. काळसर, शहाण्या, पेटीत सुखाने नांदणाऱ्या. झाडावर लोंबणाऱ्या त्या दांडग्या आग्या माश्यांचा आणि यांचा काही संबंध नाही, हेही प्रकाशराव न विचारता सांगत.

खरं तर पेटी आली ती सुनंदाबाईंच्या भोपळ्यासाठी. गच्चीत पिंपात लावलेला लाल भोपळ्याचा वेल दोन वर्षं नुसता फुलत होता. पिवळीधमक फुलं यायची, दोन दिवस मिरवायची आणि गळून पडायची. भोपळा मात्र एक नाही! मग सुनंदाबाई रोज सकाळी शर्वरीचा शाळेतला जुना रंगाचा ब्रश घेऊन नराच्या फुलातले परागकण मादीच्या फुलात नेऊन घालायच्या. लेक शर्वरी लग्न होऊन पुण्याला गेली, तरी आईच्या हातचा ब्रश काही सुटला नाही.

"अगं, हे तुझं काम नाही, माशीचं आहे," प्रकाशराव म्हणाले होते. "जगातलं निम्मं जेवण या माश्यांच्या जिवावर चालतं!"

"मग आणा की माशी. मी कुठे नको म्हणते? माझी कंबर तरी वाचेल."

आणली! आणि त्या वर्षी भोपळे असे लागले, की बिल्डिंगीत एकही घर सुटलं नाही. भोपळ्याचं भरीत, भोपळ्याची भाजी, भोपळ्याचे घारगे. शेवटी शेवटी तर सुनंदाबाई डबा घेऊन निघाल्या की शेजारच्या दारांना आतून कड्या लागायच्या. पण सुनंदाबाई खुशीत होत्या. आणि प्रकाशराव तर रोज सकाळी चहाचा कप घेऊन पेटीसमोर स्टुलावर बसायचे आणि माश्यांची जा-ये बघायचे. चाळीस वर्षं त्यांच्या केबिनबाहेर रांग लागली, पण त्या रांगेत कुणी इतक्या उत्साहाने कामाला येताना त्यांनी पाहिलं नव्हतं. पायांना पिवळ्या परागाचे गोळे चिकटवून एखादी माशी धापकन फळीवर उतरली की त्यांना शर्वरी शाळेतून दप्तर घेऊन आल्यासारखं वाटायचं. हे मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

आता या सुखाला दृष्ट लागली ती जिलबीची.

बिल्डिंगचे अध्यक्ष भय्यासाहेब पोतनीस. त्यांचे पूर्वज शिंदे सरकारच्या दरबारात खजिना सांभाळायला म्हणून उज्जैनला आले आणि इथलेच झाले. खजिना गेला, दरबार गेला, पण ऐट भय्यासाहेबांच्या खांद्यावर जशीच्या तशी उतरली. प्रकाशरावांसारखे बँकेच्या बदलीवर आलेले लोक त्यांच्या लेखी अजून पाहुणेच. प्रकाशरावांना उज्जैनला येऊन सव्वीस वर्षं झाली तरी भय्यासाहेब त्यांना विचारायचे, "मग काय प्रकाश, लागलं का मन इथे?"

तर हे भय्यासाहेब दर रविवारी टावर चौकातून गरमागरम जिलबी मागवत आणि आपल्या गॅलरीत पोह्यांबरोबर खात. एका रविवारी त्यांनी जिलबी उचलली, आ केला, आणि पाहतात तो जिलबीवर त्यांच्याआधी कुणी तरी बसलेलं! दोन माश्या पाकात सोंडा खुपसून शांतपणे नाश्ता करत होत्या. भय्यासाहेब ओरडले. जिलबी उडाली. ती त्यांच्या पत्नी विनोदिनीवहिनींच्या ताज्या धुतलेल्या पांढऱ्या पडद्यावर जाऊन चिकटली. माशी कुणालाही चावली नाही, पण पोतनीस घराण्याच्या तोंडचा घास गेला!

"प्रकाश!" भय्यासाहेबांनी गॅलरीतून वर मान करून हाक मारली. "ये खेळ बंद कर! येत्या रविवारी मीटिंग लावून राहिलो आहे मी. पेटी जाएगी! म्हणजे जाएगी!"

प्रकाशरावांना त्या रात्री जेवण गेलं नाही. सुनंदाबाईंनाही नाही, पण त्यांनी ते दाखवलं नाही.

"जाऊन माफी मागा," त्या म्हणाल्या.

"माफीने काय होतं? माणसाचा स्वभाव ओळखावा लागतो," प्रकाशराव म्हणाले, आणि एकदम ताटावरून उठलेच. "अगं! रविवारी भय्यासाहेबांना पंच्याहत्तर पूर्ण होतात!"

"मग?"

"मग सत्कार! गच्चीवर! आधी सत्कार, मग मीटिंग! खांद्यावर शाल आणि हातात नारळ असलेला माणूस कुणाला नाही म्हणू शकत नाही. आजपर्यंत कुणी म्हटलेलं नाही!"

हे मात्र सुनंदाबाईंनाही पटलं. नाही तरी आपल्या माणसांना सत्काराचं किती वेड! त्यांच्या कपाटाचा एक अख्खा खण सत्काराच्या शालींनी भरलेला होता. बँकेची, समाजाची, गणपती मंडळाची, रक्तदान शिबिराची. सगळ्या एकजात मरून रंगाच्या आणि सोनेरी काठाच्या. एकीला झाकावं नि दुसरीला काढावं. अशी शाल कुणी पांघरत नाही, फाडतही नाही. ती फक्त पुढच्या सत्काराची वाट बघत कपाटात पडून राहते.

"पण भय्यासाहेबांना कपाटातली द्यायची नाही हं," सुनंदाबाईंनी बजावलं. "विनोदिनीवहिनींची नजर तिखट आहे. भैरवगढला जा आणि छापाची छान नवी घेऊन या."

"उद्याच जातो!"

उद्याचा परवा झाला, परवाचा शनिवार झाला. शनिवारी सकाळी प्रकाशराव खरोखर चपला घालून निघाले होते. जाता जाता माश्यांना एकदा बघून यावं म्हणून गच्चीवर गेले, आणि दारातच थबकले. पेटीच्या तोंडातून माश्यांचा लोंढा बाहेर पडत होता, सिनेमा सुटल्यासारखा! आकाशात काळी वावटळ फिरत होती. आणि बघता बघता ती सगळी वावटळ बिल्डिंगमधल्याच गुप्त्यांच्या डिश अँटेनावर जाऊन बसली. डिशला चांगली कोहळ्याएवढी दाढी फुटली.

"सुनंदा! वर ये! आपली राणी घर सोडून गेली!"

सुनंदाबाई पोळीचं लाटणं हातात घेऊनच वर आल्या. "अगबाई! आता?"

"काही घाबरायचं नाही," प्रकाशराव म्हणाले. आवाज कापत होता, पण ज्ञान वाहत होतं. "वसंत आला की असं होतं. पेटीत गर्दी झाली. नवी राणी तयार झाली. मग जुनी राणी निम्मी मंडळी बरोबर घेते आणि सगळं घर, साठवलेला मध, मुलाबाळांसकट लेकीला देऊन स्वतः बाहेर पडते."

"भरलं घर सोडून? स्वतःहून?" सुनंदाबाईंनी लाटणं कमरेवर टेकवलं. "माणसांत असं केलेलं मी तरी पाहिलं नाही बाई."

"थोडा वेळ इथे लटकतील, मग नवी जागा शोधून उडून जातील. त्याआधी पकडायला हवं. कापड दे! मोठं!"

सुनंदाबाई म्हणाल्या, माझी पोळी तव्यावर आहे, तुमचं तुम्ही बघा. मग प्रकाशरावच धावत खाली गेले, कपाटाचा तो खण उघडला आणि हाताला लागली ती शाल ओढून वर आले. थव्याखाली शाल धरली. डिशला एक हिसका. धप्! अख्खा गोळा शालीत. राणीसकट! त्यांनी चारी टोकं गोळा करून गाठोडं बांधलं आणि ते गुणगुणणारं गाठोडं पोटाशी धरून, नुकतं जन्मलेलं पोर आणावं तसं हळूहळू चालत, अशाच वेळेसाठी आणून ठेवलेल्या रिकाम्या दुसऱ्या पेटीत नेऊन झटकलं. झाकण लावलं. एकही डंख नाही!

प्रकाशराव इतके खूश झाले की दुपारभर फोनवर होते. शर्वरीला सांगितलं, शिबिरातल्या दोघांना सांगितलं, चुकीचा नंबर लागलेल्या एका गृहस्थालाही सांगितलं. शाल पाण्याच्या टाकीवर तशीच पडली होती. भैरवगढ डोक्यातून पार गेलं होतं.

संध्याकाळी सुनंदाबाई वाळलेले कपडे काढायला वर गेल्या. टाकीवर शाल दिसली. ही गाठोड्याची शाल, हे त्यांना कुठून कळणार? त्या पोळी करायला निघून गेल्या होत्या. त्यांना वाटलं, यांनी भैरवगढहून आल्या आल्या इथेच टाकली! पुरुषांना काही जपायला नकोच! रंग बघून मरूनच आणली म्हणून त्या थोड्या चरफडल्या. मग त्यांनी शाल झटकली, नीट घडी घातली, प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवली आणि कपाटात सगळ्यात वर ठेवली.

रविवार उजाडला. गच्चीवर कनात लागली. पोहे आले, शेव आली, सुनंदाबाईंचे घारगे आले, मुद्दाम टावर चौकातली जिलबी आली. मधोमध लाल गादीची खुर्ची. माश्यांच्या दोन्ही पेट्या कनातीच्या पलीकडे, कोपऱ्यात, कुणाच्या नजरेला पडू नयेत अशा. विनोदिनीवहिनींनी ताटात पंच्याहत्तर दिवे लावले होते. सूत्रसंचालनाला चौथ्या मजल्यावरची अश्लेषा. मुलगी गुणी, पण तिच्या हातात माइक आला की तो परत मिळत नसे.

"अहो, शाल?" पाहुणे बसल्यावर प्रकाशरावांना सुनंदाबाईंनी विचारलं.

प्रकाशरावांना आत्ता आठवलं. भैरवगढ! पण तोंडावर काही न दाखवता ते म्हणाले, "आणतो."

कपाट उघडलं. सगळ्यात वर, पिशवीत, नवीकोरी दिसणारी शाल. प्रकाशरावांना वाटलं, खणातली एखादी न वापरलेली असेल. देवच पावला! ती तशीच उचलून ते वर आले. सुनंदाबाईंनी शाल बघून मान डोलावली, म्हणजे त्यांच्या लेखी तीच भैरवगढची. बघा मंडळी, दोन शहाणी माणसं एकाच शालीकडे बघत होती, आणि दोघांनाही ती वेगवेगळी दिसत होती.

"उज्जयिनीच्या मातीतलं एक उत्तुंग व्यक्तिमत्त्व!" अश्लेषा सुरू झाली. "ज्यांनी बिल्डिंगला दिशा दिली, पाण्याच्या मोटरला वेळापत्रक दिलं..."

प्रकाशरावांनी शाल भय्यासाहेबांच्या खांद्यावर घातली. हातात श्रीफळ दिलं. टाळ्या! औक्षण झालं. भय्यासाहेब गादीवर असे बसले की आता मागे चवऱ्या ढाळणारेच काय ते कमी होते. चेहरा विरघळत चालला होता. प्रकाशरावांनी सुनंदाबाईंना डोळ्याने खूण केली, की बघ, जमतंय!

"प्रकाश," भय्यासाहेब गहिवरून म्हणाले, "तू इतकं केलंस माझ्यासाठी. अपन तो सोच भी नहीं सकते. त्या पेटीचं काय ते आता..."

आणि तिथे ते थांबले. कारण कनातीच्या पलीकडून एक आवाज यायला लागला होता.

नवी पेटी माश्यांना पसंत पडलेली नव्हती! नव्या घराला रंगाचा वास येतो म्हणून तक्रार करणारे भाडेकरू असतात ना, तसंच काहीसं. ऊन चढलं, आणि राणीसह सगळा थवा पेटीतून पुन्हा बाहेर! कनातीच्या वरून काळी वावटळ आली, खुर्च्यांवरून घोंघावली, जिलबीच्या ताटावरून गेली, पण कुठेच थांबली नाही. त्यांना काहीतरी ओळखीचं हवं होतं. राणीचा गंध असलेलं! आणि तो गंध आदल्या दिवशी एका मरून शालीत चांगला मुरलेला होता.

एक माशी भय्यासाहेबांच्या डाव्या खांद्यावर बसली. मग दहा. मग सगळ्या!

"थवा!" कुणीतरी किंचाळलं.

यानंतर काय झालं ते नीट कुणालाच सांगता येत नाही, कारण सगळे एकाच वेळी एकाच दाराकडे धावले. गच्चीचं दार एका माणसाचं, धावणारे तीस. गुप्ता पोह्यांची परात डोक्यावर धरून पळाले आणि दारात अडकले. त्यांच्या मागे सगळी बिल्डिंग अडकली. अश्लेषा पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसली, पण माइक तिने सोडला नव्हता.

"हा अविस्मरणीय क्षण..." टाकीमागून आवाज आला, "रसिकहो, आपण सारे... आई गं! माझ्या पदरावर एक आहे!... आपण सारे अनुभवतो आहोत..."

मधोमध, लाल गादीवर, भय्यासाहेब. खांद्यापासून मांडीपर्यंत माश्यांचं उपरणं. हातात श्रीफळ. डोळ्यांची उघडझापसुद्धा बंद.

"हलू नका!" प्रकाशराव ओरडले. मग लक्षात आलं की हलण्यासारखं तिथे कुणी उरलंच नव्हतं. "भय्यासाहेब, थव्यातली माशी चावत नाही! तिला राखायला घर नसतं, पोट मधाने भरलेलं असतं! ती रागावणार कशावर?"

भय्यासाहेबांचे ओठ जेमतेम हलले. "प्रकाश... ये तुझ्या बहिणी... हटा."

आणि त्याच वेळी प्रकाशरावांना शालीच्या कोपऱ्यावर मेणाचा एक पांढरट ठिपका दिसला. शनिवारचं गाठोडं त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. टाकी आली. कपाट आलं. "सुनंदा," ते कसेबसे म्हणाले, "शाल... ही तीच शाल... राणीला बांधलेली."

"कोणती राणी? ही तुम्ही भैरवगढहून..."

"मी भैरवगढला गेलोच नाही गं!"

सुनंदाबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. त्या एका पाहण्यात लग्नापासूनचा सगळा इतिहास येऊन गेला. पण वेळ बोलण्याची नव्हती. "आता काय करायचं ते सांगा," त्या म्हणाल्या.

मग प्रकाशराव खरोखर शांत झाले. इतके दिवस ते जे लोकांना सांगत सुटले होते, ते आता करायचं होतं. त्यांनी नवी पेटी आणली. तिच्यात जुन्या पेटीतली, ओळखीचा वास असलेली एक पोळ्याची चौकट ठेवली. सुनंदाबाईंनी देवघरातलं धुपाटणं पेटवून आणलं आणि हळूहळू धूर दिला, अगदी आरती ओवाळावी तसा. माश्या जरा मवाळ झाल्या. प्रकाशरावांनी शालीचं एक टोक भय्यासाहेबांच्या खांद्यावरून उचललं. मग दुसरं. झोपलेल्या बाळाखालचं दुपटं काढतात तितक्या हळू. आणि माश्यांनी लगडलेली ती शाल पेटीच्या तोंडाशी पसरली.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग गर्दीतून लांबट पोटाची, तांबूस, जरा भारदस्त अशी एक माशी वाट काढत आली आणि सरळ दारातून आत गेली.

"राणी!" प्रकाशराव कुजबुजले. "सुनंदा, ती बघ, राणी गेली!"

राणी गेली आणि सगळं दृश्यच बदललं. दारात दहा-बारा माश्या शेपट्या उंचावून, पंख फडफडवून उभ्या राहिल्या. बाकीच्यांना गंध पाठवत होत्या, या गं, घर सापडलं! आणि शालीवरून माश्यांचा अख्खा जथा पेटीकडे चालू लागला. उडत नव्हता. चालत होता. कुणी कुणाला ढकलत नव्हतं. इतक्या जणींनी एकमताने घर ठरवलं होतं, आणि इकडे क्षिप्राछायात पाण्याच्या मोटरीचा प्रश्न सहा मीटिंगा झाल्या तरी सुटला नव्हता. दारात अडकलेली माणसंसुद्धा वळून बघायला लागली. सुनंदाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. धुराने, असं त्या नंतर म्हणाल्या.

शेवटची माशी आत गेली. प्रकाशराव उठले आणि भय्यासाहेबांकडे वळले. आता पेटी गेली, हे त्यांना लख्ख दिसत होतं. एका जिलबीपायी मीटिंग लावणारा माणूस हा! त्यांनी हात जोडले. "भय्यासाहेब, चूक माझी आहे. पेट्या मी आजच..."

"रुक!" भय्यासाहेब उठले. नारळ अजून हातात होता. ते टाकीमागे गेले, अश्लेषाच्या हातातून माइक काढून घेतला, जे आजवर कुणाला जमलं नव्हतं, आणि खाकरले.

"एकसुद्धा चावली नाही," ते म्हणाले. आवाज विलक्षण मऊ होता. "तुम्ही सगळे पळाले. मी बसून राहिलो. छातीवर अशी ऊब, असा नाद... जैसे कोई तंबोरा छेड़ रहा हो. पंच्याहत्तर वर्षांत असं कुणी मला भेटलं नव्हतं." त्यांनी सगळ्यांकडे नजर फिरवली. "आता सोचा जरा. इथे तीस माणसं होती. गुप्ता होता. प्रकाश होता. राणी कुणाकडे आली?"

गुप्त्यांनी डोक्यावरची परात हळूच खाली घेतली.

"माझ्याकडे! बराबर? आमचं घराणं दरबारातलं. राण्यांना खानदान कळतं, भाई! खून पहचानती है!"

टाळ्या पडल्या. जिन्यातूनसुद्धा पडल्या. प्रकाशरावांनी सुनंदाबाईंचा हात घट्ट धरला. वाचली! पेटी वाचली!

"तर ठराव," भय्यासाहेब म्हणाले. "मधमाश्या या बिल्डिंगमध्येच राहतील. कायमच्या. माझ्या गॅलरीत!"

प्रकाशरावांचा हात सुटला.

"दोन्ही पेट्या. एकच घराणं आहे ते, तोडायचं नाही. आजच शिफ्ट करू. कुणाला ऑब्जेक्शन?"

"आहे!" प्रकाशरावांनी श्वास ओढला. "भय्यासाहेब, राणी तुमच्यासाठी आली नव्हती! ती आली होती त्या शाली..."

पुढचं त्यांना बोलता आलं नाही, कारण सुनंदाबाईंनी त्यांच्या तोंडात अख्खा घारगा कोंबला होता.

"वेड लागलंय का?" त्या दातांवर दात ठेवून पुटपुटल्या. "खरं कळलं तर पेट्या गेल्याच. आणि जुनी शाल दिली म्हणून उज्जैनभर होईल ते वेगळं."

तेवढ्यात विनोदिनीवहिनी जमिनीवरची शाल उचलून कोपरा निरखत होत्या. काठाशी बारीक रफू होतं. त्यांनी रफूवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि त्यांचा चेहरा एकदम पडला. "अगबाई, ही तर मीच प्रकाशभाऊंना रिटायरमेंटला..." असं म्हणता म्हणता त्या थांबल्या. सुनंदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी सुनंदाबाईंकडे पाहिलं. मग विनोदिनीवहिनींनी शालीची झटपट घडी घातली आणि म्हणाल्या, "छान आहे हो शाल. एकदम नवी!"

"भैरवगढची," सुनंदाबाई म्हणाल्या.

प्रकाशरावांचा घारगा गिळून झाला होता. "पण माझ्या माश्या गं," ते रडवेल्या आवाजात म्हणाले.

"खालून वर भोपळ्यापर्यंत येतील की नाही त्या?"

"दोन-दोन किलोमीटर जातात त्या. दोन-चार मजले काय!"

"मग गप्प बसा."

त्याच दिवशी दिवे लागल्यावर, माश्या पेटीत परतल्यावर, दोन्ही पेट्या भय्यासाहेबांच्या गॅलरीत गेल्या. वाजतगाजत नाही, पण हळदकुंकू वाहून. वाहिल्या प्रकाशरावांनीच. पाठीत उसण भरेपर्यंत. भोपळ्याचं काहीच बिघडलं नाही. यंदा तर काकड्याही भरभरून लागल्या, आणि सुनंदाबाई डबे घेऊन पुन्हा जिने चढू-उतरू लागल्या.

आठवडाभर प्रकाशरावांनी कसाबसा धीर धरला. मग एका सकाळी चहाचा कप घेऊन ते खाली गेले आणि पोतनिसांची बेल वाजवली. भय्यासाहेबांनीच दार उघडलं. डोक्यावर प्रकाशरावांचीच जाळीची टोपी होती.

"भय्यासाहेब, जरा माश्या बघू का? लांबूनच बघतो."

भय्यासाहेबांनी थोडा विचार केला. मोठ्या मनाने बाजूला झाले.

"ये, ये. चपला बाहेर काढ. आणि प्रकाश, एकदम पुढे जाऊ नकोस हं," ते प्रकाशरावांच्या खांद्यावर हात ठेवून समजुतीने म्हणाले. "त्यांना तुझी सवय नाही ना!"

प्रकाशराव "बरं" म्हणाले, आणि चपला काढायला वाकले.